कपची

उदगीरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी केसपेपर भरता भरता, मान वर न करता विचारलं की हा उजवा डोळा कशानं गेला, आणि लिंबाजी उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच शेजारच्या स्टुलावर बसलेली माय बोलून मोकळी झाली, "दगडाची कपची उडाली. माझ्याच हातची." डॉक्टरांनी ते इंग्रजीत एका ओळीत लिहून टाकलं आणि ते पुढच्या रकान्याकडे वळले. त्यांना त्यात काही विशेष वाटायचं कारण नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना गेलेले डोळे त्यांनी पुष्कळ पाहिले असतील. लिंबाजी मात्र मान वळवून तिच्याकडे बघू लागला. दगडाची कपची, एवढं म्हणून ती थांबली असती तरी भागलं असतं. कुणाच्या हातची, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. हे शब्द त्यानं तिच्या तोंडून याआधी एकदाच ऐकले होते, पंधरा वर्षांपूर्वी, खदानीत, मुकादमासमोर, आणि आज ते त्याच सुरात, त्याच घाईनं बाहेर आले होते. त्या कपचीचं खरं काय ते जगात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे अशी त्याची समजूत होती. ती समजूत घेऊनच तो शिकला, नोकरीला लागला, सव्वीस वर्षांचा झाला. डॉक्टर आता त्याच्याशी बोलत होते. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे, एकच डोळा आहे म्हणून फार जपून करावं लागेल, बिघडलं तर बाई पुरती आंधळी होईल हे समजून सही करा, तारीख पुढच्या महिन्यातली. त्यानं सही केली. बाहेर आल्यावर मायनं, सरजाबाईनं, पायरी अंगठ्यानं चाचपली आणि विचारलं, तू तवर माघारी येशील न्हवं?

तो कैरोला जाणार होता. लातूरच्या नगरपालिकेत तो स्वच्छता निरीक्षक होता. उस्मानाबादपासून तोडून लातूरचा वेगळा जिल्हा केला त्याला पाच वर्षं होत आली होती, तरी निम्म्या कचेऱ्या अजून भाड्याच्या घरांत होत्या आणि उरलेल्या निम्म्यांच्या इमारतींना बांबूंचे परांचे लागलेले होते. त्यात पावसानं लागोपाठ तिसऱ्या वर्षी तोंड फिरवलेलं. नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी, टँकरच्या मागे धावणाऱ्या घागरी, आणि गटारांत पाणीच नाही म्हणून जागच्या जागी वाळलेला, फुफाट्यासारखा उडणारा कचरा. कुठल्याशा आंतरराष्ट्रीय संस्थेनं लहान शहरांतल्या माणसांसाठी कचऱ्याचं दहा दिवसांचं शिबिर कैरोत ठेवलं होतं. जायचे होते मुख्याधिकारी, पण ऐनवेळी त्यांची बदली झाली आणि कागदावर लिंबाजी सरवदेचं नाव चढलं. मुरुडजवळच्या आपल्या गावी जाऊन त्यानं मायला सांगितलं तेव्हा तिला विमानाचं काही वाटलं नाही. कचरा शिकायला इतक्या लांब जावं लागतं याचंच तिला नवल वाटलं. मग तिनं तिथं खायला काय असतं ते विचारलं, आणि जवसाची चटणी बांधून दिली. तिला आता चटणीचा रंग दिसत नव्हता. बोटानं चाखून तिनं मीठ ओळखलं.

शिबिरातले पहिले पाच दिवस गार खोलीत पडद्यावर आकडे बघण्यात गेले. त्याच्या मनात मात्र ते दवाखान्यातलं स्टूल ठाण मांडून होतं. पंख्याच्या घरघरीत, दुभाष्याच्या बोलण्यात, नाईल नदीवरच्या पुलावरून जाताना खाली दिसणाऱ्या त्या अफाट पाण्याकडे बघतानाही, आणि एवढं पाणी त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं, मायचं ते 'माझ्याच' मधेच कानाशी येऊन जाई. ती कुणाला सांगत होती, डॉक्टरला की मला? सहाव्या दिवशी सकाळी त्यांना गाडीत घालून शहराच्या कडेला मुकत्तम नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी नेलं. सगळ्या कैरोचा कचरा गोळा करणारी माणसं तिथं राहतात, हे आकड्यांत आधीच सांगून झालं होतं. ती कॉप्टिक ख्रिस्ती, म्हणजे त्या देशातली फार जुनी ख्रिस्ती जमात, आणि दक्षिणेकडच्या खेड्यांतून पोटासाठी उठून आलेली. त्यांच्या शाळेचा मास्तर बिशॉय त्यांना घ्यायला आला. तिशीतला, बुटका, इंग्रजी तुटक पण स्वच्छ बोलणारा. त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला छोटा निळा क्रूस गोंदलेला होता. मायच्या कपाळावरचं गोंदण त्याच निळ्या रंगाचं होतं.

वस्तीत शिरताच शिबिरातल्या बाकीच्यांनी रुमाल नाकाला लावले. लिंबाजीनं लावला नाही. त्याची रोजची सकाळ याच वासात उगवत होती. गाढवांच्या गाड्या माळ्याइतक्या उंच भरून येत होत्या आणि घराच्या दारातच रित्या होत होत्या. पहिल्या खणात कचरा, त्याच्या मागच्या खणात डुकरं, वरच्या मजल्यावर माणसं. बाया ढिगात मांडी घालून बसल्या होत्या आणि हात न थांबवता निवडत होत्या. हिरवी काच वेगळी, पांढरी वेगळी, पत्रा वेगळा, कागद वेगळा, उष्टं अन्न डुकरांच्या वाट्याला. खळ्यावर सुगीचं धान्य राशीला लावावं तशा त्या राशी होत्या. एक बाई वर बघून हसली आणि तिनं आपल्या बोटावरची एक जखम डोक्यावरच्या ओढणीआड लपवली. लपवण्याची ती तऱ्हा त्याच्या इतकी ओळखीची होती की त्याला मान फिरवावी लागली. आपल्या वस्तीत कुणी साहेब आला म्हणजे आपल्या बाया असंच करायच्या. आपण साहेब कधी झालो, हे त्याला त्या बाईच्या नजरेतून कळलं.

बिशॉय म्हणाला की आता वर चला, आमचं देऊळ बघायला. देऊळ हा शब्द त्यानं अर्थात वापरला नाही, पण लिंबाजीच्या मनात तोच आला. मागोमाग घरातल्या भिंतीवरची बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आठवली, आणि लहानपणी पाठ केलेल्या प्रतिज्ञा. त्यानं कुठल्याही देवळात आजवर हात जोडले नव्हते, इथंही जोडणार नव्हता, बघायला काय हरकत आहे. गल्ली चढत गेली. डुकरांचा, राखेचा, कुजक्या फळांचा वास एका वळणापर्यंत आला आणि तिथून पुढे येईनासा झाला. वळण संपलं, आणि समोर डोंगरानं तोंड उघडलेलं होतं.

त्याचे पाय थांबले. इमारत असेल, दगडी असेल, शिखर असेल, अशी काहीतरी त्याची कल्पना होती. इथं इमारत नव्हतीच. डोंगराच्या पोटात पोकळी होती, एवढी मोठी की मुरुडचा आख्खा आठवडी बाजार तिच्यात बसला असता आणि वर जागा उरली असती. वरचं छत म्हणजे डोंगरच, एक खांब नाही, एक तुळई नाही, पिवळट दगड या टोकापासून त्या टोकापर्यंत तोलून राहिलेला. खाली उतरत गेलेल्या पायऱ्यांच्या रांगा, आणि तळाशी, जिथं सगळ्यांची नजर जाऊन मिळते तिथं, एक लहानसा पडदा आणि वेदी. चिमण्या आत येत, उडत उडत अंधारात दिसेनाशा होत, आणि बऱ्याच वेळानं दुसऱ्याच बाजूनं बाहेर पडत. काम अजून चालू होतं. एका अंगाला माणसं दगड फोडत होती, टायरच्या रबराच्या पाट्यांत भरत होती, आणि खांद्यावरून बाहेर नेत होती. तीच माणसं, बिशॉय म्हणाला, पहाटे शहरात जाऊन कचरा आणतात, दुपारी निवडतात, आणि ज्याला जेवढा वेळ उरेल तेवढा तो इथं देतो. बारा वर्षांपूर्वी इथं फक्त कोसळलेले दगड होते. "आम्ही आत काही आणलं नाही," तो म्हणाला, "फक्त बाहेर काढलं."

लिंबाजी खालच्या एका पायरीवर बसला. बाहेर काढलं. मायनं आणि गावातल्या पन्नास बायांनी त्या एका उन्हाळ्यात बाहेर काढलेला दगड त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. रस्त्याच्या कडेला ब्रासात मोजून लावलेले चौकोनी ढीग. त्यातले कितीतरी पुढं कुणी उचललेच नाहीत, त्यांच्यावर गवत उगवलं, सरडे राहिले. शाळेला जाताना तो त्या ढिगांकडे बघत नसे. दगड फोडणं म्हणजे हात, बोटं, डोळे घालवणं आणि शेवटी एक ढीग मागे ठेवणं, एवढंच त्यानं पाहिलं होतं. फोडलेल्या दगडाच्या जागी अशी सावली उरू शकते, हजारो माणसांनी बसावं अशी, हे त्याला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. त्यानं मान मागे टाकून छताकडे पाहिलं. आपण फार लहान आहोत आणि तरी आपल्याला इथं जागा आहे, असं काहीसं त्याला वाटलं.

बिशॉय शेजारी बसला आणि त्यानं गोष्ट सांगितली. हजार वर्षांपूर्वी इथल्या खलिफानं त्यांच्या धर्मगुरूला दरबारात बोलावून म्हटलं, मोहरीएवढी श्रद्धा असली तर डोंगर हलतो असं तुमच्या पोथीत आहे, तर हा मुकत्तम हलवून दाखवा, नाहीतर तुमची धडगत नाही. तीन दिवस सगळ्यांनी उपास केला. तिसऱ्या दिवशी धर्मगुरूला दृष्टान्त झाला की बाजारात जा, खांद्यावर पाण्याची घागर असलेला एक डोळ्याचा माणूस भेटेल, त्याच्या हातून हे होईल. तो माणूस सिमोन, कातडी कमावणारा. कामाला जाण्याआधी रोज सकाळी तो म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी पाणी भरी. एकदा एका बाईकडे त्याची नजर वाकडी गेली म्हणून आपल्याच आरीनं त्यानं आपला डोळा फोडून घेतला होता. त्यानं सांगितल्याप्रमाणे सगळी माणसं डोंगरासमोर उभी राहिली, वाकली, उठली, पुन्हा वाकली, आणि दर वेळी ती उठली की डोंगर जमिनीपासून उचलला जाई आणि त्याच्याखालून पलीकडचा सूर्य दिसे. खलिफा घाबरून पुरे म्हणाला. मग सगळे सिमोनला शोधू लागले, तर तो गर्दीत नव्हता. पुन्हा तो कुणाला दिसलाच नाही.

लिंबाजीचा आजा गावातली मेलेली ढोरं ओढून नेत असे. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर सगळ्या वस्तीनं ते काम टाकलं, पण गावानं ते विसरायला आणखी कितीतरी वर्षं घेतली. कातडं, पाणी, दुष्काळ, हे सगळं त्याच्या घरचं होतं. इथं या एवढ्या मोठ्या दगडाला एका कातडी कमावणाऱ्याचं नाव होतं, आणि ते नाव घेताना मास्तर आवाज खाली आणत नव्हता. पण त्याच्या आत जे हललं ते त्यामुळं नव्हे. एक डोळा, हे बिशॉयनं म्हटलं, आणि पंधरा वर्षं ज्या दिवसाच्या कडेकडेनं तो चालत आला होता तो दिवस त्या गार सावलीत सबंध उभा राहिला. तो अकरा वर्षांचा. बाप आदल्या वर्षीच गेलेला. पोरांना हजेरीवर घेत नसत, पण मायचं माप भरावं म्हणून तो मुकादमाची पाठ फिरली की तिच्या बाजूला बसून हातोडा चालवी. तोंडाला कोरड पडलेली. एक काळा, गुळगुळीत, हट्टी दगड फुटत नव्हता. माय म्हणाली, ठेव तो, मी बघते. त्याला राग आला, दगडाचा, उन्हाचा, मुकादमाचा, आणि त्यानं दोन्ही हातांनी हातोडा उचलून जीव खाऊन घातला. एवढासा आवाज झाला. माय ओरडली नाही. तिनं पदर उजव्या डोळ्यावर धरला आणि दुसऱ्या हातानं त्याच्या हातातला हातोडा काढून आपल्या मांडीजवळ ठेवला. मुकादम आला तेव्हा ती म्हणाली, माझ्याच हातची. त्या वेळी त्याला वाटलं, दुखण्यात तिला कळलंच नाही कपची कुठून आली. असं वाटून घेणंच त्याच्या सोयीचं होतं.

तो उठला आणि भिंतीजवळ गेला. दगडावर छिन्नीच्या रेघा होत्या, तिरप्या, एकाशेजारी एक, पावसाच्या सरींसारख्या. त्यानं तळवा त्यांच्यावर ठेवला. पाटी वाहणाऱ्यांतला एक म्हातारा थांबला. अंगावर मळकी गलाबिया, म्हणजे तिथला पायघोळ झगा, डाव्या हाताला दोन बोटं कमी. त्यानं लिंबाजीचा दुसरा हात आपल्या हातात घेतला, तळवा उलटून बघितला, अंगठ्यानं दाबला आणि काहीतरी विचारलं. बिशॉयनं सांगितलं की तो विचारतोय, तुम्ही कधी दगडाचं काम केलं आहे का. लिंबाजी होय म्हणाला. म्हातारा वाट बघत उभा राहिला, त्याला आणखी काही ऐकायचं असावं, आणि लिंबाजीच्या तोंडून इंग्रजी आलंच नाही. तो मराठीत म्हणाला, "माझ्या मायचा डोळा माझ्या हातून गेला."

तो हळूच बोलला होता. पण ती पोकळी कसलाही हळू आवाज आपल्याजवळ ठेवत नव्हती. शब्द छताखालून सरकत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले आणि तिथून, थोडे जाड होऊन, परत आले. आपलं ते वाक्य त्यानं बाहेरून ऐकलं, दुसऱ्या कुणीतरी सांगितल्यासारखं. ते इतकं साधं वाक्य होतं याचं त्याला आश्चर्य वाटलं. पलीकडे काम करणाऱ्या दोघातिघांनी वर पाहिलं. बिशॉयनं विचारलं, काय म्हणालात, पण लिंबाजीनं मान हलवली. म्हाताऱ्याला शब्द कळले नव्हते, तरी त्यानं तो हात लगेच सोडला नाही. मग त्यानं आपली पाटी उचलली आणि तो उजेडाच्या दिशेनं चढू लागला. खालच्या बाजूला दहाबारा बाया येऊन बसल्या होत्या आणि एका लयीत काहीतरी म्हणत होत्या, वाकत होत्या, उठत होत्या. लिंबाजीनं हात जोडले नाहीत. पण त्या उठल्या की तो छताकडे बघत होता, आणि शिबिराची गाडी खाली भोंगा वाजवू लागली तरी त्याला तिथून निघवेना.

परत आल्यावर तो दोन वेळा गावी गेला आणि दोन्ही वेळा कपचीबद्दल न बोलता परतला. शस्त्रक्रिया तोंडावर असताना तिच्या जिवाला घोर नको, असं त्यानं स्वतःला सांगितलं. तिला त्यानं त्या डोंगराचं सांगितलं, ते मात्र तिनं पुन्हा पुन्हा विचारून ऐकलं. छत पडत कसं न्हाई, हे तिला हवं होतं. पाणी कुठनं आणतात. एवढं सगळं झाडतं कोण. उदगीरला शस्त्रक्रिया झाली, डोळ्यावर पट्टी बांधून ती सहा दिवस उताणी पडून राहिली, आणि त्या सहा दिवसांत तिच्या उशाशी बसलेल्या लिंबाजीला एक भीती पुन्हा पुन्हा येऊन गाठत होती. पट्टी निघाली आणि अंधारच राहिला, तर तिचे दोन्ही डोळे आपल्या नावावर पडतील. सातव्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांनी दोन बोटं धरली. ती म्हणाली, दोन, अन् तुमच्या बोटाला शाई लागलीय.

लातूरच्या एसटीत ती खिडकीशी बसली. जाड भिंगाचा चष्मा आणि त्यावर कपाळावरून सोडलेलं हिरवं कापड, ते ती दर थोड्या वेळानं बोटानं उचलून बाहेर बघे. अर्ध्या वाटेत गाडी थांबली. पुढे रोजगार हमीचं काम चाललं होतं, रस्त्यावर खडीचा ट्रक आडवा लागला होता. उन्हात बाया ओळीनं बसून दगड फोडत होत्या आणि तो आवाज, टक, टक, एकमेकांच्या मधे पडणारा, उघड्या खिडकीतून आत येत होता. बोलायचं तर आता, असं काही त्यानं ठरवलं नव्हतं. "माय," तो म्हणाला, "ती कपची माझ्या हातची होती."

तिनं कापड खाली सोडलं नाही. बाहेरच बघत राहिली. "मला ठावं हाय," ती म्हणाली. "निघाली तवा म्या बघितलं की. त्या डोळ्यानं शेवटचं तूच दिसलास मला. हातोडा दोन्ही हातानं धरलेला, अन् तोंड उघडं."

गाडीतलं कुणी तरी उतरून ट्रकवाल्याशी वाद घालत होतं. लिंबाजीनं विचारलं की मुकादमाला तसं का सांगितलंस. तिनं जरा आठवून बघितलं. "तुला हाकलला असता त्यानं. अन् मला बी." थोड्या वेळानं ती म्हणाली, "मग तसंच सांगायची सवय पडली." आणि त्याच्याकडे वळून, त्या भिंगाआडून मोठ्या झालेल्या एकाच डोळ्यानं त्याला नीट न्याहाळत तिनं विचारलं, "तू कशापायी धरून बसलास इतकी वर्सं? बोलायचं की मग." ट्रक हलला, गाडी सुरू झाली. त्याला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. भूक मात्र फार लागली. तिनं पिशवीतली भाकरी काढून अर्धी त्याच्या हातावर ठेवली आणि दोघं ती कोरडीच चावत राहिली.

लातूर जवळ आलं तसं ती सीटच्या कडेला सरकली. हे शहर तिनं मोतीबिंदू वाढायच्या आधी पाहिलं होतं, जिल्हा व्हायच्या आधी, आणि आता ते तिला जागोजाग अनोळखी दिसत होतं. हे काय, ते काय, ती विचारत होती आणि तो सांगत होता. कलेक्टर कचेरी. त्याच्या पलीकडे होतंय ते जिल्हा परिषदेचं. ते पिवळं नवं कॉलेज. ती प्रत्येक इमारतीला पायापासून वरपर्यंत नजर लावायची आणि पुढची आली की तशीच तिच्याकडे वळायची. कुणी बांधलं, तिनं विचारलं. त्यानं खात्याचं नाव सांगितलं. "तसं न्हाई," ती म्हणाली, "हातानं कुणी?" ते त्याला माहीत नव्हतं. रोज सकाळी तो त्यांच्यासमोरून जात होता.

स्टँडवर तिनं रिक्षात बसायला नकार दिला, चालत जाऊ म्हणाली. डोळ्याला धूळ लागेल, डॉक्टरांनी बजावलंय, हे तो दोनदा बोलला. ती पुढे निघाली होती. हळू, पण पायानं न चाचपता. एका अर्ध्या झालेल्या इमारतीपाशी ती थांबली. परांच्याखाली तीन बाया डोक्यावरच्या पाट्या उतरवून सावलीला टेकल्या होत्या. सरजाबाईनं हिरवं कापड वर उचलून आधी भिंत पाहिली, मग त्यांना पाहिलं, आणि कुठल्या गावच्या गं तुम्ही, म्हणून विचारलं. त्यांतल्या थोरलीनं तोंडावरची सिमेंटची भुकटी पदरानं पुसली.

"नायगावाकडच्या," ती म्हणाली. "बसा की, आज्जे."

सरजाबाई विटांच्या थप्पीवर बसली. लिंबाजीनं घड्याळाकडे पाहिलं. मग त्यानं पिशवी खाली ठेवली, आणि तोही बसला.